हुरडा आणि कडबा



आज रानातली नोंद थोडी वेगळी आहे. ज्वारी चिकातून हुरड्यात येतेय. बांधाकडेला गूळभेंडीच्या चार ओळी खास हुरड्यासाठी ठेवल्यात. दरवर्षी याच दिवसांत आमच्या बांधावर आगटी पेटते, गोवऱ्यांवर कणसं भाजतात, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ असा बेत असतो. यंदा अजून पेटवली नाही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. आम्ही दहा-बारा जण आगटीभोवती बसलो होतो. त्यात आमच्या शेजारच्या बांधाचा पोरगा होता, भावकीतलाच. पोरगा म्हणतोय, पण वय छत्तीस. पाच एकर रान, दोन म्हशी, दारू नाही, तंबाखू नाही. लग्न जमलेलं नाही. आठ-दहा ठिकाणी बघून झालंय. कणीस चोळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. गरम कणीस हातावर घेतो आणि एक दाणा खाली पडू देत नाही.

गप्पा लग्नाच्या निघाल्या. कुणीतरी त्याला म्हणालं, "काय रे, यंदा बार उडवायचा का नाय?" आणि मी, सगळ्यांत वयानं मोठा माणूस, बोलून गेलो, "त्याचं आता काय इचारता, हुरडा व्हता तवा कुणी खाल्ला न्हाई, आता कडबा झालाय."

सगळे खो खो हसले. तोही हसला. मग दुसरा एक म्हणाला, "कडब्याला निदान गिऱ्हाईक तरी येतं." अजून मोठा हशा. तेवढ्यात मागं बघितलं तर त्याची आई दह्याचं भांडं घेऊन उभी. वहिनींनी भांडं खाली ठेवलं, "दही गोड हाय, खावा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी तेवढ्यावर सोडून दिलं असतं. पण एका पोरानं मोबाईलवर त्याचं चित्रण केलेलं. संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर. आठ दिवसांत त्याचं नावच 'कडबा' पडलं. दूध घालायला गेला की "कडबा आला". शाळेतली पोरंसुद्धा. मी एकदा बोललो होतो, गाव रोज बोलायला लागलं. पुढं महिन्याभरात पाहुणे त्याला बघायला आले. त्यांनी स्टँडवर घर विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, "कडब्याचं का? ते काय, चिंचेच्या पलीकडं." पाहुणे चहा पिऊन गेले, पुन्हा निरोप आला नाही. त्या नावामुळं मोडलं का जमीन कमी वाटली, देव जाणे. पण मला मात्र तो चहा अजून घशाखाली उतरत नाही.

ज्वारीच्या काढणीला तो दरवर्षी आमच्या सावडीला असायचा. मजूर मिळत नाही, उपटणी म्हणजे कंबर मोडणारं काम, हाताला फोड येतात. तो एकटा दोघांचं काम ओढायचा. गेल्या वर्षी आला नाही. भांडला नाही, बोलला नाही, नुसता आला नाही. घरी आमच्या मंडळींनी एकच वाक्य ऐकवलं, "तुमच्या जिभेची मजुरी भरा आता."

मग मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, चुकलं. त्या चुलीपुढनं उठल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, गाव हसलं त्याचं काय न्हाई. पर तुमी त्याला खांद्यावर बसवून जत्रंला नेलंवतं."

मंडळी, याच्यावर काय बोलणार.

त्याला भेटायला रात्री गेलो. शेतीची लाईट रात्रीची होती, तो हरभऱ्याला पाणी देत होता. बांधावर बसलो. म्हटलं, "मस्करीची कुस्करी झाली बाबा. पण तू पण हसलास, मला वाटलं तुला लागलं नाही." तो दारं मोडता मोडता म्हणाला, "आण्णा, हसायलाच लागतं. न्हाई हसलं तर म्हणत्यात, याला चेष्टा सोसत न्हाई." थोड्या वेळानं परत म्हणाला, "तुमी ताईला शेतकऱ्याच्या घरी का दिली न्हाई?"

माझी मुलगी पुण्यात दिलीय. जावई कंपनीत आहे. दोन चांगली शेतीवाली स्थळं आली होती, मीच नको म्हणालो होतो. मला उत्तर देता येईना. तर तोच म्हणाला, "राग न्हाई माझा. मी जरी भाऊ असतो तरी ताईला हेच सांगितलं असतं. पर मग हसू तरी नका."

त्या रात्रीपासून मी या गोष्टीवर बराच विचार केलाय. चेष्टा तर आपल्या रानातलं खत आहे, तिच्याशिवाय दिवस जात नाही. माझीही झालीय. मी बोअर मारला तेव्हा चारशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला. गावानं म्हटलं, "आण्णांनी पावडरचा कारखाना काढला." कर्ज डोक्यावर होतं, तरी मी पोट धरून हसलो. का? कारण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या रानात तसाच धुरळा उडालेला. ते माझ्याबरोबर हसत होते. आगटीभोवती मात्र सगळे लग्न झालेले, लेकरंबाळं असलेले होतो आणि एकटा तो तसा नव्हता. आमचं काहीच जात नव्हतं. तुमचा खेळ होतो आणि आमचा जीव जातो, असं म्हणतात ते हेच.

आणि ज्यावर हसलो ते त्याचं कर्तृत्व तरी आहे का? डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या सोलापुरात लग्नाळू पोरांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता. नवरदेवाचा पोशाख, घोडे, बँडबाजा. गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. मोबाईलवर मात्र घोड्यांचीच चेष्टा फिरली. मीसुद्धा ती चार ठिकाणी पुढं ढकलली, खोटं कशाला सांगू.

त्या पोरांचं म्हणणं आकड्यांत बघा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात २०११ ला ८०७. कायदा १९९४ चा, तरी आकडा खालीच गेला. या मुली कुणी येऊ दिल्या नाहीत? आमच्याच पिढीनं. त्यात ज्या आहेत त्यांना आम्हीच शेतकऱ्याकडं देत नाही. म्हणजे पेरलं आम्ही आणि उगवलं नाही म्हणून हसतोय त्या पोरावर. २०११ ची ती लेकरं आता हळूहळू लग्नाला येतील. तेव्हा कुणाकुणाला कडबा म्हणणार?

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. ज्याच्यावर हसायचं, त्यानं उलटून मला तसंच बोललं तर मला चालेल का, आणि त्याच्या आईसमोर मी ते बोललो असतो का, एवढं आधी बघायचं. दोन्हीला नाही आलं तर तोंडात दाणे टाकायचे आणि गप बसायचं. आणि तो हसला म्हणजे त्याला चाललं, असं धरायचं नाही.

त्या बांधावरच्या भेटीनंतर मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं की ते वाक्य माझं होतं, चूक माझी होती, आता त्याला कुणी त्या नावानं हाक मारू नये. काहींनी त्यावरही हसरी तोंडं टाकली. मोठी माणसं बऱ्यापैकी थांबली. पोरं अजून अधनंमधनं म्हणतात. बोललेला शब्द उपटून काढायला ज्वारीपेक्षा अवघड जातो.

उद्या आगटी पेटवायचा विचार आहे. सकाळी त्याच्या घरी जाऊन स्वतः बोलावणार आहे, वहिनींनाही. आला तर पहिलं कणीस त्याला. नाही आला तर हुरडा डब्यात भरून घरी पोचवीन. तुमच्या गावात असं एखादं नाव कुणाला चिकटलं असेल, तर निदान तुम्ही तरी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा.

ज्वारीवर पाखरं लई आहेत, गोफण काढलीय. बाकी पुढच्या नोंदीत.