सुरतेतली निशाळ

२०२४ च्या दसऱ्याच्या सुट्टीत सुरतेला जाण्याचा योग आला. आपल्याकडे कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याला मोठी सुट्टी असते. गुजरातेत नवरात्रात शाळा चालू असतात आणि मोठी सुट्टी दिवाळीला मिळते. (२०१८ साली तिकडे नवरात्राची सुट्टी देऊन पाहिली होती, पण पुढच्याच वर्षी ती बंद झाली.) त्यामुळे आमची मुलगी मोकळी आणि नणंदेची मुले शाळेत, असा प्रकार झाला. एका परीने ते बरेच झाले. नाहीतर डुमसचा समुद्र आणि रिंग रोडवरची कापडबाजारपेठ पाहून, दोन साड्या घेऊन आम्ही परत आलो असतो. परगावी जाऊन शाळा पाहायला कोण जातो?

माझी नणंद निपाणीची. तिचे यजमान अमळनेरकडचे, कापड मार्केटातल्या एका पेढीवर हिशेब लिहितात. अशा माणसाला तिकडे मेहताजी म्हणतात. घर लिंबायतला. लिंबायत, उधना, डिंडोली हा सगळा भाग असा की, भाजीवालीशी घासाघीस चालते तीही अहिराणीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे यंत्रमागांवर आणि मार्केटात कामाला आली, आणि तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने त्यांची वाट सोपी केली. याच मार्गावर नवापूर स्टेशन लागते. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. फलाटावर एक बाकडे आहे, त्याच्या एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात असतो आणि दुसऱ्या टोकाचा गुजरातेत. जावईबापूंनी हे सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "आमच्याकडे असं बाकडं असतं तर एव्हाना ते कोर्टात जमा झालं असतं."

शनिवारी नणंद म्हणाली, "वहिनी, शाळेत वाली मीटिंग आहे, येता का?" मला वाटले, वालीसुग्रीवाचे काही नाटक आहे. पण गुजरातीत वाली म्हणजे पालक. आपल्या मराठीत हा शब्द 'त्याला कोणी वाली नाही' एवढ्यापुरताच उरला आहे. म्हणजे वाली नसला तरच आपल्याला त्याची आठवण! तिकडे प्रत्येक पोराला एक वाली असतो आणि तो मीटिंगला आला नाही तर वहीत तशी नोंद होते.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. इमारत एकच, पण सकाळी मराठी आणि दुपारी गुजराती अशा दोन पाळ्या. नणंदेची मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि धाकटा बालवाटिकेत. सहा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घ्यायचे नाही असे २०२३ पासून ठरल्याने त्याच्या आधीचा हा वर्ग सुरू झाला आहे. मुले बाईंना 'टीचर' म्हणतात, मध्येच 'बेन' म्हणतात. आपल्याकडे कन्नड शाळेत 'अक्कोर' म्हणतात, तसेच काहीसे.

फळ्यावर पुढच्या महिन्याचे सगळे लिहून ठेवले होते. पहिल्या सत्राची परीक्षा, एक दिवस गरबा, आणि २८ ऑक्टोबर ते १७ नोव्हेंबर दिवाळीची रजा, एकवीस दिवस. 'रजा' वाचून माझी मुलगी हसायला लागली. ती शिकते मराठी शाळेत, पण गल्लीतल्या कन्नड मैत्रिणी सुट्टीला 'रजे'च म्हणतात. बेळगावची रजे सुरतेत रजा होऊन भेटली. खाली एका ओळीत तिथिभोजनाची सूचना होती. ही पद्धत मला फार आवडली. शाळेत दुपारचे जेवण तर आहेच, गुजरातेत ते १९८४ पासून मिळते. पण कोणाच्या मुलाचा वाढदिवस असेल, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी असेल, तर त्या दिवशी त्या घरच्यांनी सगळ्या मुलांना गोडाधोडाचे जेवण द्यायचे, ते तिथिभोजन. ऐपत नसेल तर नुसती सुखडी दिली तरी चालते. सुखडी म्हणजे आपली गूळपापडीच. मीटिंगमध्ये एका मागवाल्याने उठून आपल्या मुलीच्या वाढदिवसाची तारीख दिली, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांत चालतात. गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू. गंजामहून मागावर आलेल्यांच्या मुलांसाठी उडिया. तेलुगू विणकर सोलापुरात आले तसे इथेही आले, त्यांच्यासाठी तेलुगू. नणंदेने बोटावर मोजून दाखवले आणि म्हणाली, "कन्नड तेवढं नाही बघा, म्हणून माझी अडचण." मी म्हटले, "तुझ्या एकटीसाठी काढायचं का?"

मुलीचे मराठीचे पुस्तक मी चाळून पाहिले. ते पुण्याच्या बालभारतीचे नव्हे. गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठीत छापलेले. यात बेळगाव-खानापूरकरांना नवल वाटायला नको. आपल्या मराठी शाळेतली पुस्तके कर्नाटक सरकार छापते, आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांतली पुस्तके बालभारती कन्नडमध्ये छापते. आजी एका राज्याची बालपोथी शिकली, नातू दुसऱ्या राज्याची शिकतो, आणि मुळाक्षरे मात्र तीच, हे सीमेवरच्या घरांना सवयीचे आहे. सुरत काही सीमेवर नाही, पण लिंबायतमध्ये हे सगळे ओळखीचे वाटले. गुजरातीचा तासही असतो. २०२३ मध्ये तिकडच्या विधानसभेने कायदा करून पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची केली आहे. आपल्याकडे कन्नडचा तसा कायदा २०१५ चा.

मीटिंग संपल्यावर बाईंनी बालवाटिकेच्या पालकांना थांबवून घेतले. पुढच्या जूनला पहिलीत नाव कुठे घालणार, एवढेच त्यांना विचारायचे होते. बोलताना त्यांच्या आवाजात काळजी होती. पहिलीत पट भरला नाही तर शिक्षक कमी होतात. तीस मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. म्हणून त्या वाल्यांच्या घरी फिरतात, गावाहून नवीन कोण आले याची चौकशी करतात. नणंदेने उत्तर दिले नाही. रात्री घरी तोच विषय निघाला.

जावईबापूंचे म्हणणे सरळ होते. "मी गावाकडे मराठीत बारावी केली. पेढीवर लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शेठने खातेवही पुढे टाकली, एक अक्षर वाचता येईना. पोरांच्या अंकलिपीतून रात्री अक्षरं गिरवली. पोरगी मराठीत घातली, ठीक आहे. हा गुजरातीत जाऊ दे."

"आणि अभ्यास कोण घेणार?" नणंद म्हणाली. "तुम्ही रात्री नऊला येता. मला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. पोरीचं पुस्तक मी उघडून बसते. त्याच्या वहीत टीचरनं काय लिहिलंय तेसुद्धा मला कळणार नाही."

मी गप्प बसले, कारण दोघांचेही खरे होते. आपल्याकडे किती घरांत हे झाले आहे! आई मराठी शिकलेली, मुलगा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि तिसरी-चौथीनंतर आई वही हातात घ्यायची बंद होते. प्राथमिक शाळेचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची, असे सुप्रीम कोर्टाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले. वादाचा कोर्टात निकाल लागला, घरात तो रोज नव्याने लागतो. माझे मत विचाराल तर मी नणंदेच्या बाजूची. पहिली-दुसरीत शाळेपेक्षा संध्याकाळी शेजारी बसणारे माणूस महत्त्वाचे. पण खातेवही पुढे टाकली गेली होती ती माझ्यापुढे नाही, हेही तितकेच खरे.

गरब्याच्या दिवशी मुलीला घेऊन मी परत शाळेत गेले. आवारात गरब्याच्या आधी बाईंनी भुलाबाई मांडली होती. खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. आमची मुलगी हादग्याला हत्तीच्या चित्राभोवती फेर धरणारी, तिला चाल ओळखीची वाटली आणि ती सरळ आत शिरली. मग खाऊ ओळखायची वेळ आली. डबा हलवला, खुळखुळ वाजला. आमची ओरडली, "चुरमुरे!" खानदेशी मुली म्हणाल्या, "मुरमुरे!" कोणी म्हणाले, "ममरा!" नणंदेला राहवेना, तीही मागून म्हणाली, "मंडक्की!" चौघींनाही खाऊ मिळाला. त्यानंतर भोंग्यावर गरबा लागला आणि भुलाबाईच्या भोवतीच मुली टाळ्या देत फिरू लागल्या.

दसऱ्याला सुरतेत सकाळी फाफडा-जिलेबीच्या दुकानापुढे रांगा लागतात. आम्हीही खाल्ली. संध्याकाळी नणंदेने बाजारातून आपट्याची पाने आणली, देवापुढे ठेवली, आणि माझ्या हातात देताना आपल्याकडचे ठेवणीतले वाक्य म्हणाली, "बन्नी तगोंडू बंगारदांग इरोण." जावईबापूंनी अर्थ विचारला. लग्नाला नऊ वर्षे झाली, पण हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच विचारले होते म्हणे. बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या, असा अर्थ तिने सांगितला. धाकट्याने ते वाक्य दिवसभरात दहा जणांना म्हणून दाखवले, त्यात शेजारच्या उडिया काकाही होते.

गुजरातेत जूनच्या शेवटी शाळा प्रवेशोत्सव होतो. २००३ पासून तो सुरू आहे. मंत्री, अधिकारी शाळाशाळांत जातात, पहिलीच्या मुलांना दप्तर देतात. २०२५ मध्ये तो २६ ते २८ जूनला झाला आणि २७ तारखेला नणंदेने फोनवर फोटो पाठवला. धाकट्याच्या कपाळावर टिळा, हातात दप्तर. मागच्या भिंतीवरची पाटी गुजराती.

म्हणजे जावईबापूंचे झाले. पण पुरते नाही. इमारत तीच आहे. मुलगी सकाळच्या पाळीला मराठीत जाते, मुलगा दुपारच्या पाळीला गुजरातीत. मुलीला आणायचे आणि मुलाला सोडायचे हे दुपारी एकाच खेपेत होते, बाकी दोन खेपा वेगळ्या. मुलगी भावाला चिडवते की, तुझ्या अक्षरांना छप्पर नाही, पावसात भिजतील. नणंदेनेही अंकलिपी आणली आहे. रात्री स्वयंपाक आवरला की मुलगा गिरवतो त्याच पानावर ती गिरवते. 'क' आणि 'ड' मध्ये अजून गोंधळ होतो म्हणाली. दिवाळीची रजा मात्र दोन्ही पाळ्यांना एकच असते, त्यामुळे अमळनेरची तिकिटे चौघांची एकदमच निघतात.