आरशाआधीचा ‘मी’

न्हाऊमाखू घालून तीट लावलेल्या बाळाला कोणीतरी हमखास आरशासमोर धरतं आणि विचारतं, ‘कोण आहे ते?’ बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसतं; गालावरच्या काळ्या ठिपक्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. मानसशास्त्रानेही हाच प्रश्न धरून ठेवला. १९७२ मध्ये बेउला ॲम्स्टरडॅम यांनी लहान मुलांच्या नाकाला लाली लावून त्यांना आरसा दाखवला. दीड-दोन वर्षांची मुलं स्वतःच्या नाकाकडे हात नेतात, म्हणून ‘मी’ तिथून सुरू होतो असं मानायची पद्धत पडली. आरशाला दिलेला हा मान मला मनापासून खटकतो. ‘मी’ची सुरुवात कातडीत आहे, आणि दुसऱ्याच्या स्पर्शात.

फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या गालाला परकं बोट लागलं तर ते दूध शोधावं तसं तोंड वळवतं. स्वतःचाच हात लागला तर तितकं वळवत नाही. आपला हात लागतो तेव्हा हातालाही कळतं आणि गालालाही. परका लागतो तेव्हा फक्त गालाला. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असं कोणी म्हणेल. असेलही. पण मोठ्यांचा ‘मी’ तरी कुठे याहून निराळ्या पायावर उभा आहे? १९९८ मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी माणसांचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला. थोड्याच वेळात रबरी हात त्यांना आपला वाटू लागला. कुंचल्यांची वेळ जुळेनाशी झाली की हा भास ओसरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्वतःला बाहेरून पाहणं, लाजणं, ओशाळणं कातडीतून कसं येईल? येणार नाही, मान्य. पण त्यासाठी बघणारी माणसं लागतात, आरसा नव्हे. केनियात दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांची आरशाची ही परीक्षा घेतली, तेव्हा फक्त २ उत्तीर्ण झाली. बाकीच्यांना ‘मी’ नव्हता असं म्हणायला कोण धजेल? मोठ्यांनी लावलेला ठिपका मुलाने पुसायचाच का?

कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायची पद्धत १९७८ मध्ये बोगोटात एडगर रे यांनी सुरू केली, इन्क्युबेटर अपुरे होते म्हणून. मला ती नुसती उबेची सोय वाटत नाही. नवजात कक्षात बाळाचं वजन, तापमान, श्वास लिहून ठेवतात. दिवसभरात त्याच्या अंगावरून मायेचा हात किती वेळा फिरला, हेही तिथे लिहिलं जायला हवं.