ओसाफुने : तलवारींचे गाव

जपानमधील ओकायामा शहरातून छोट्या रेल्वेने पूर्वेकडे निघाले की अर्ध्या-पाऊण तासात ओसाफुने स्टेशन येते. भातशेती, बैठी घरे, जवळून वाहणारी योशिई नदी. पाहुण्याला वाटेल, येथे पाहायचे काय? पण सातशे वर्षांपूर्वी या गावात घणांचा आवाज थांबत नसे. जुन्या जपानी तलवारींचा फार मोठा वाटा याच बिझेन प्रांतातला.

आज येथे तलवारींचे संग्रहालय आहे आणि शेजारीच लोहारांची कामाची जागा. ठरावीक रविवारी काम पाहता येते. पोलाद शिमाने भागातून येते. लोखंडाची काळी वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून ते काढतात. त्याचे तुकडे तापवायचे, ठोकायचे, घडी घालून पुन्हा ठोकायचे. दहा-पंधरा घड्यांत हजारो थर होतात.

खरी परीक्षा पाणी देताना! आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो, तसेच हे. पण येथे आधी पात्यावर माती लिंपतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. मग अंधार करून तापवतात, कारण तापलेल्या लोखंडाचा रंगच सांगतो की वेळ झाली. पाण्यात बुडवताच धार झटकन निवून कडक होते, पाठ हळू निवते व चिवट राहते. तलवारीचा बाकही त्याच क्षणी येतो. कित्येक पाती तेथेच तडकतात, महिन्याची मेहनत वाया! हा धंदा करायचा तर परवानाधारक उस्तादाकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते.

ही तलवार कोणाच्या हाती होती, हे मात्र विचारलेच पाहिजे. 1588 साली हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. कारण काय सांगितले? क्योतोत बुद्धाची भव्य मूर्ती उभारायची आहे, तिच्या खिळ्यांसाठी लोखंड हवे. दिल्याने इहलोकी-परलोकी कल्याण होईल! बुद्धाचे नाव पुढे करून गरिबाला निःशस्त्र केले. 1596 च्या भूकंपात ती मूर्ती मोडली. शस्त्रबंदी मात्र टिकली. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र आणि विद्या दोन्ही नाकारली, म्हणून त्यांना बंड करता आले नाही, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले. तेथेही तीच चाल!

आणि जपानमध्ये अस्पृश्य नव्हते असे कोणी समजू नये. सामुराईंच्या चिलखतांसाठी कातडे कमावणाऱ्यांना लोक विटाळ मानत. 1871 साली कायद्याने तो भेद संपला, व्यवहारात संपला नाही. म्हणून 1922 च्या मार्चमध्ये क्योतोत या लोकांनी 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना काढली. तिचे संग्रहालय नारा प्रांतात गोसे येथे आहे. ओसाफुनेला जाणाऱ्याने तेथेही अवश्य जावे.