शिळ्या बातमीचा नकाशा

स्ट्रॅटेजी गेम खेळताना मला एक गोष्ट कायम खुपते. आपण नकाशाच्या वर, आभाळात कुठेतरी बसलेले असतो. एज ऑफ एम्पायर्स घ्या नाहीतर एम्पायर टोटल वॉर (२००९ च्या त्या गेममध्ये मराठे घेऊन खेळता येतं, बहुतेकांना आठवत असेल), कितीही लांबच्या तुकडीवर क्लिक केलं की ती त्याच क्षणी वळते. पेशव्यांना अशी सोय असती तर पानिपत झालंच नसतं. किंवा झालं असतं, पण वेगळं.

तर मंडळी, गेले काही वीकेंड वारज्याच्या घरी बसून मी यावर एक छोटा गेम लिहितोय. खेळाडू म्हणजे नानासाहेब पेशवे, साल १७६०.

तारखा बघा. मार्चमध्ये भाऊसाहेब परतूरहून निघाले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. त्याच महिनाअखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून पश्चिमेला आला आणि भाऊ नि दिल्लीच्या मध्येच बसला. दक्षिणेकडची वाट जवळजवळ बंद. डिसेंबरमध्ये अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. २७ डिसेंबरला पैठणला पेशव्यांचं दुसरं लग्न. यावरून नानासाहेबांना शिव्या घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. लग्न करावं की नाही ते सोडा, पण त्या दिवशी त्यांच्याकडची उत्तरेची बातमी किती शिळी होती हे कोणी विचारत नाही.

१४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं. नानासाहेब तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडेच निघाले होते. त्यांना कळलं ते भेलशाला (आजचं विदिशा), २४ जानेवारीच्या सुमारास, एका सावकारी पत्रातून, तेही मोती-मोहरांच्या सांकेतिक भाषेत. म्हणजे दहा दिवस ते अशा सैन्याच्या मदतीला चालले होते, जे उरलंच नव्हतं.

हे दहा दिवस मला गेममध्ये हवेत.

आधी वाटतं, त्यात काय, प्रत्येक निरोपाला टायमर लावा. पण नुसत्या डिलेने काही होत नाही, खेळाडू तेवढे दिवस मोजतो आणि निवांत असतो. खरा त्रास वेगळाच. जासूद मारला जातो. नंतर निघालेलं पत्र आधी पोचतं. म्हणून मी जगाच्या दोन प्रती ठेवल्यात: एक खरी, आणि एक पेशव्यांच्या डोक्यातली. स्क्रीनवर दुसरीच दिसते. भाऊंच्या छावणीखाली 'शेवटची बातमी ३४ दिवसांपूर्वी' असं येतं, आणि बातमी शिळी होईल तसा ठिपका फिका होत जातो.

हुकमांचंही तेच. पत्र पोचलं की नाही हे उत्तर येईपर्यंत कळत नाही, आणि उत्तर आपल्याला मिळालं हे भाऊंना कळत नाही. आमच्या धंद्यात याला टू जनरल्स प्रॉब्लेम म्हणतात, जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये दिलेलं नाव. दोन सेनापती, मध्ये शत्रू, आणि कितीही पोचपावत्या पाठवा, दोघांची एकदम खात्री होणं शक्यच नाही. तसं सिद्ध करता येतं. कॉलेजात हे शिकताना दोन निनावी डोंगर काढून दाखवले होते. यमुना काढायला काय झालं होतं?

ऑफिसमधल्या एका मित्राला खेळायला दिला. कोथरूडचा गडी, पानिपतावर ठाम मतं. डिसेंबरपर्यंत त्याने भाऊंना चार पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही.

"अरे, बग आहे का?"

"नाही."

"मग मी करू काय?"

भेलशाला बातमी आली तेव्हा त्याने काही न बोलता दुसऱ्या प्रतीचा लॉग उघडायला लावला. त्याची दोन पत्रं भाऊंना मिळाली होती. भाऊंनी पाच लिहिली होती, पैसे आणि कुमक मागणारी. पाचही वाटेत गेली. त्याने ती पाचही सावकाश वाचली. नंतर चहाला गेलो तर पानिपतावर एक शब्द बोलला नाही, आणि हे त्याच्या बाबतीत प्रथमच :)

हा लॉग शेवटी सगळ्यांनाच दाखवायचा का, ते ठरत नाहीये. मित्र म्हणतो, दाखव. खऱ्या नानासाहेबांना असं काही बघायला मिळालं नव्हतं, जूनमध्ये ते पर्वतीवर वारले.

असो. पुढच्या शनिवारी सावकारांचं जाळं घालणार आहे. त्यांचं पत्र सरकारी डाकेच्या आधी कसं पोचलं, ते गेममध्ये अजून नीट बसत नाहीये.