सोंग कुणाचे घ्यावे

राजा, राणी, शिपाई, चोर. वहीचे पान फाडून केलेल्या चार चिठ्ठ्या, त्यांच्या घड्या, ओंजळीत खुळखुळवून फरशीवर फेकणे. औरंगपुऱ्यातल्या वाड्याच्या ओसरीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती हा खेळ खेळायची. राजाला सगळ्यांत जास्त गुण, चोराला शून्य, आणि चोर ओळखायचा तो शिपायाने. राजाची चिठ्ठी सगळ्यांनाच हवी असे. तिला मात्र चोराची आली की हुरूप येई. राजाला करण्यासारखे काही नसायचेच. चेहऱ्यावर काही उमटू न देणे हे चोराचे काम, दुसऱ्यांचे चेहरे वाचणे हे शिपायाचे. खेळ खरा त्या दोघांचा.

चिठ्ठीतले सोंग नशिबाने येते. निवडायची वेळ पहिल्यांदा आली ती शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये. मुलींच्या रांगेत जिजाऊ, सावित्रीबाई आणि झाशीच्या राण्या. "जिजाऊ हो ना गं, छान दिसशील," असे आई म्हणाली. तिने आजीचे लुगडे मागितले, एक टोपली, एक तागडी, आणि भाजीवाली होऊन उभी राहिली. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळाले. पण मेथीची जुडी पुढे करून "घ्या की ताई, ताजी आहे" म्हणताना आपला आवाज आपोआप बदलला, कुणी न सांगता हात कंबरेवर गेला, हे तिच्या लक्षात राहून गेले.

तिचे गाव छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद. इथून पैठण पन्नासेक किलोमीटर. फाल्गुन वद्य षष्ठीला आजोबा तिथल्या नाथषष्ठीच्या यात्रेला निघत आणि नातीला सोबत नेत. गोदावरीच्या वाळवंटात दिंड्यांचे फड, रात्री कुठे कीर्तन, कुठे भारूड. मिशा असलेला एक बाप्या लुगडे नेसून, घुंगरू बांधून नाचतोय आणि बायाबापड्या हसता हसता डोळे पुसतायत, हे तिने तिथे पाहिले.

त्या भारुडांचे कर्ते संत एकनाथ. भानुदासांचे पणतू. गुरू जनार्दनस्वामी, त्यांचे वास्तव्य देवगिरीच्या किल्ल्यावर, राजकारभाराच्या गजबजाटात. नाथांनी एकादश स्कंधावरची टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अशा पंडिताला वाटेल ते पात्र निवडता आले असते. भारुडांत त्यांनी कोण व्हायचे ठरवले ते पाहावे: जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, वाघ्या, मुरळी, फकीर, दरवेशी, गारुडी, कोल्हाटीण, नवऱ्याला कंटाळलेली बाई, विंचू चावून तळमळणारा माणूस. आंधळा, मुका, बहिरा. आणि जोहार घालणारा महार, जो वरच्यांना चार गोष्टी सुनावतो. यात राजा नाही, शूर सेनापती नाही. जे गावाच्या कडेने जातात, दारात उभे राहतात आणि ज्यांच्याकडे वर मान करून कुणी पाहत नाही, अशांची ही यादी. एका भारुडात हिंदू आणि तुर्क कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. भांडणातल्या दोन्ही बाजू एकाच लेखणीने बोलायच्या, तर दोन्ही अंगरखे चढवून पाहावे लागतात.

सोळाव्या शतकातली ही पात्रनिवड तिला आजही धाडसाची वाटते.

अर्थात उसन्या तोंडाची एक मर्यादा असते आणि ती मर्यादा तिच्याच शहराने, औरंगाबादने, दाखवून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. या शहरातूनच गंगाधर पानतावणे यांनी दलित साहित्याचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवले आणि ज्यांच्या वतीने दुसरे बोलत आले होते त्यांचे स्वतःचे शब्द छापले. दुसऱ्याचे सोंग घेण्यापेक्षा ज्याचे त्याने बोलणे केव्हाही मोठे. पण सोंग घेणाऱ्याला निदान ऐकण्याची सवय लागते. तिला दोन्ही गोष्टी हव्या वाटतात, याच क्रमाने.

कॉलेजच्या दिवसांत तिने 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहिले. त्याचे कर्ते डॉ. लक्ष्मण देशपांडे, इथल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक. रंगमंचावर ते एकटे आणि पात्रे बावन्न! खांद्यावरचे उपरणे डोक्यावर आले की बाई, कंबरेला गेले की गडी. मराठवाड्यातले अख्खे गाव लग्नासाठी विमानात बसते आणि त्या गावात बिनमहत्त्वाचे कुणीच नसते, कारण प्रत्येकाच्या वाट्याला देशपांड्यांचे तेच शरीर आणि तोच जीव. या प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. २००९ मध्ये ते गेले, पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग रंगमंचावर आणला. सिल्लोड तालुक्यातल्या निरंजन भाकरे यांचे 'बुरगुंडा' हे भारूड तर खेड्यापाड्यांत पोचले होते. त्यांना २०२१ मध्ये करोनाने नेले.

तिने स्वतः नाटक धंदा म्हणून केले नाही. नोकरी, संसार, सिडकोतला फ्लॅट. सोंग परत आले ते भाच्यामुळे. पुण्याला शिकायला गेलेला भाचा सुट्टीत येताना वीस बाजूंचा फासा आणि छापील कागदांची चळत घेऊन आला. "मावशी, पाचवा गडी कमी पडतोय, बस की."

खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. तेव्हा पात्रांचे प्रकार तीनच: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. चोर आला पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. २०१४ च्या आवृत्तीत प्रकार बारा झाले. एक जण कथा सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि जमले की फसले ते फासा ठरवतो. फाशाचे नवल या जिल्ह्याला नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात, रामेश्वरात, आणि २९ व्या धुमार लेण्यातही शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत.

भाच्याच्या मित्रांनी भराभर पात्रे निवडली. दोन योद्धे, एक जादूगार, भाचा स्वतः धर्मवीर. जगभर असेच चालते. २०१७ मध्ये या खेळाच्या एका संकेतस्थळावरची पात्रे तपासली गेली तेव्हा सर्वांत जास्त निघाला तो माणूस जातीचा योद्धा. पऱ्या, बुटके, अर्धराक्षस असे सगळे हाताशी असताना लोक तलवारवाला माणूसच होतात. यात वाईट काही नाही. दिवसभर साहेबाचे ऐकून घेणाऱ्याला संध्याकाळी तलवार उचलावीशी वाटणारच.

तिने आधी शाहीर घेतला. पुढच्या डावात मुकी म्हातारी मागितली. "मावशी, तिला ताकद काय?" पोरांनी विचारले. नियमांत तशी काहीच नव्हती. म्हातारी गुहेच्या तोंडाशी बसून हातवारे करी. आत काय आहे ते तिला ठाऊक, सांगता येत नाही. सुरुवातीला योद्धे तिला ओलांडून आत घुसले आणि मार खाऊन आले. मग जादूगार झालेला, एरवी फारसा न बोलणारा मुलगा तिच्यासमोर बसला आणि एकेक खूण विचारू लागला. "नदी? नाही. साप? किती? दोन?" बाकीचेही भोवती गोळा झाले. तासभर कुणी फासा टाकला नाही. त्या तासात तिला पैठणच्या वाळवंटातला तो बाप्या आठवत होता, आणि नाथांनी मुका का निवडला असेल हेही थोडे उमगत होते. न बोलणाऱ्याभोवती बाकीच्यांना थांबावे लागते.

भाच्याने पुढच्या सुट्टीत वासुदेव मागितला. मोरपिसांची टोपी, पहाटेची फेरी, साऱ्या गावाच्या बातम्या पोटात. असे पात्र त्या बारा प्रकारांत नाही, मग दोघांनी बसून त्याचा कागद तयार केला: काय येते, काय येत नाही, कुणाच्या दारात त्याला पाणी मिळते आणि कुणाच्या नाही. या शेवटच्या रकान्यावर दोघांची सर्वांत जास्त चर्चा झाली.

या खेळाचे पायाभूत नियम २७ जानेवारी २०२३ रोजी खेळाच्या कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे केले. श्रेय देऊन ते कुणालाही वापरता येतात, बदलता येतात, मराठीत लिहिता येतात. पोतराज, दरवेशी, गोंधळी, जोगतीण यांचे कागद अजून लिहायचे आहेत. नाट्यशास्त्राची मुले, भारुडाची पथके आणि फासे घेऊन बसणारी पोरे, तिन्ही या शहरात आहेत. त्यांनी एकत्र बसून ते लिहावेत, आणि ज्यांची ती सोंगे आहेत त्यांना विचारून लिहावेत.