वाक्यातला कर्ता

क्रीडा पानावर लिहिणाऱ्याचं सगळं भांडवल क्रियापदांत असतं. चेंडू टप्पा पडून आत वळला, फलंदाजाने बॅट आणि पॅडमध्ये फट ठेवली, मधली यष्टी उडाली. तीन क्रियापदांत विकेट डोळ्यांसमोर उभी राहते. नुसतं 'विकेट गेली' लिहून आणणाऱ्या नवख्याला उपसंपादक कॉपी परत करतो. कुणाची गेली, कुणी काढली, कशी काढली? पण खेळाडूच्या मृत्यूची बातमी टेबलावर आली की याच शिस्तीच्या माणसांची लेखणी एकदम सैल पडते. काळाने घाला घातला. नियतीने डाव अर्ध्यावर मोडला. क्रीडाविश्वावर शोककळा पसरली. दीर्घ आजारात खेळाडू गेला तर ही भाषा एक वेळ खपून जाते, कारण तिथे बोट दाखवायला कुणी नसतं. खेळाडूचा खून झाला असेल तर मात्र काळाला कर्ता करणं म्हणजे धावफलकावर भलत्याच गोलंदाजाच्या नावापुढे बळी लिहिणं. अशा मृत्यूबद्दल लिहितानाही सामन्याच्या वृत्तान्ताइतकीच काटेकोर क्रियापदं हवीत. खेळाडूने काय केलं ते लिहायचं, आणि त्याच्याबाबतीत जे झालं ते कुणी केलं तेही लिहायचं.

सेलिया बारकिन अरोसामेना ही स्पेनच्या कांताब्रिया प्रांतातल्या पुएन्ते सान मिगेल या छोट्या गावची मुलगी. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होती आणि विद्यापीठाच्या संघातून गोल्फ खेळत होती. एप्रिल २०१८ मध्ये तिने 'बिग ट्वेल्व्ह' या आंतरविद्यापीठ गटाचं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं. मे महिन्याच्या अखेरीस ती अमेरिकन महिला ओपन खेळली, जुलैमध्ये स्लोव्हाकियात तिने युरोपीय हौशी महिला अजिंक्यपद जिंकलं. विद्यापीठाने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून निवडलं. १७ सप्टेंबर २०१८ च्या सकाळी एम्स शहरातल्या गोल्फ कोर्सवर इतर खेळाडूंना एक बॅग बेवारस पडलेली दिसली. आसपास कुणी नव्हतं. त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि थोड्या वेळाने कोर्सवरच्या तळ्यात सेलियाचा मृतदेह सापडला. एका पुरुषाने तिला भोसकून मारलं होतं. ती २२ वर्षांची होती.

वरच्या परिच्छेदात एक शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही, आणि अशा बातम्यांत तो हमखास येतो: 'एकटी'. ती एकटीच खेळत होती. वाक्य खरं आहे, पण सराव करणारा गोल्फपटू बहुतेकदा एकटाच असतो. हा खेळच तसा आहे. नेटमध्ये गोलंदाजी करणाऱ्याबद्दल 'तो हातात चेंडू घेऊन होता' असं कुणी लिहीत नाही. मग 'एकटी' कशासाठी? तो शब्द वाचकाच्या कानात हळूच एक प्रश्न सोडतो: कशाला गेली होती एकटी? दिवसाउजेडी, स्वतःच्या मैदानावर, स्वतःचा खेळ खेळणाऱ्या मुलीकडून जाब मागायला एक शब्द पुरतो. पुरुष गोल्फपटूच्या बातमीत हा शब्द आला असता का, एवढं विचारून पाहिलं की त्यावर काट मारायला हात कचरत नाही.

आता ज्यांनी शोक केला ते कसे वागले ते बघा. पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, आयोवा स्टेटचा ॲक्रन विद्यापीठाविरुद्ध अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. याच सामन्यात सेलियाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव व्हायचा होता. फुटबॉलपटूंनी हेल्मेटवर तिची आद्याक्षरं चिकटवली, प्रेक्षक पिवळे कपडे घालून आले, विद्यापीठाच्या बँडने मैदानावर उभं राहून 'सीबीए' ही तीन अक्षरं घडवली. यातली प्रत्येक गोष्ट नेमकी आहे. हेल्मेटवरच्या बोटभर चिकटपट्टीवर 'असामान्य', 'हसतमुख', 'उमदी' असलं काही मावत नाही. तिथे फक्त नाव मावतं. खेळणारी माणसं शोकसुद्धा खेळातल्यासारखा करतात, नावाने, क्रमांकाने, मोकळ्या सोडलेल्या जागेने. विशेषणं भरतो ते आपण, लिहिणारे.

शिवाय हा सामना झाला त्या स्टेडियमला ज्याचं नाव आहे तोही एक विद्यार्थी खेळाडूच. जॅक ट्राइस हा आयोवा स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात तो प्रतिस्पर्ध्यांच्या पायांखाली तुडवला गेला आणि दोन दिवसांनी मरण पावला. ते मुद्दाम झालं की खेळाच्या धुमश्चक्रीत, हा वाद आजही मिटलेला नाही. त्यामुळे ती घटना आणि सेलियाचा खून एका मापाने मोजता येणार नाहीत. पण 'दुखापतीने निधन' एवढ्यावर ही गोष्ट मिटवणं कुणालाही सोयीचं गेलं असतं. तसं झालं नाही, कारण १९७०च्या दशकापासून विद्यार्थी ते नाव लावून धरत राहिले. १९९७ मध्ये स्टेडियमला ते नाव मिळालं. मधे ७४ वर्षं गेली.

कर्ता लिहा या आग्रहावर पहिला आक्षेप येतो तो असा, की शोकाच्या वेळी व्याकरण कसलं काढता? घरच्यांच्या काळजाला घरं पडलेली असताना मऊ शब्दच हवेत. घरच्यांशी बोलताना हवेत, मान्य. छापताना हिशोब वेगळा होतो, आणि त्याचा दाखला सेलियानंतर बरोबर पाच आठवड्यांनी मिळाला. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी युटा विद्यापीठाच्या आवारात लॉरेन मॅक्लस्की या २१ वर्षांच्या ॲथलीटला एका माणसाने गोळ्या घातल्या. नाव, वय आणि गुन्ह्यांचा इतिहास लपवून त्याने तिच्याशी ओळख वाढवली होती. सत्य कळल्यावर तिने संबंध तोडले, तेव्हा पैसे उकळण्यासाठी तिला धमकावणं सुरू झालं. तिने विद्यापीठाच्या पोलिसांकडे पुन्हा पुन्हा तक्रार केली होती. डिसेंबरमध्ये चौकशी अहवाल आला, तेव्हा ही दुर्घटना टाळता आली असती असं मानण्यासारखं त्यात काही नाही, अशी विद्यापीठाच्या अध्यक्षांची भूमिका होती. 'दुर्घटना' किती मऊ शब्द आहे! त्यात तक्रार करणारी मुलगी नाही, ती तक्रार ऐकून घेणारा नाही. पुढे तिच्या आईवडिलांनी दावा लावला. २२ ऑक्टोबर २०२० रोजी, तिच्या मृत्यूला दोन वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, १ कोटी ३५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि लॉरेनचं प्रकरण आपण हाताळायला हवं होतं तसं हाताळलं नाही, हे विद्यापीठाने मान्य केलं. त्या कबुलीत विद्यापीठ प्रथमच आपल्याच वाक्याचा कर्ता झालं. वाक्य तेवढं बदलायला आईवडिलांना दोन वर्षं लागली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कर्ता लिहायचा म्हणजे खुन्याला प्रसिद्धी द्यायची का? मुळीच नाही. कर्ता लिहिणं वेगळं आणि त्याचं नाव मथळ्यात मिरवणं वेगळं. या लेखात एकाही मारेकऱ्याचं नाव आलेलं नाही, आणि कुणी मारलं याबद्दल संदिग्धताही राहिलेली नाही. नावाची जागा कोर्टाच्या बातमीत आहे. त्याचं बालपण, त्याचा एकाकीपणा, त्याचा शेजाऱ्यांवर असलेला ठसा, यांनी मृत्युलेखातली जागा अडवू नये.

तिसरा आक्षेप: विजेतेपदं मोजून तुम्ही सुचवता की चॅम्पियनचा जीव जास्त मोलाचा. जिथे करंडकांची यादी हाच मृत्युलेख होतो, तिथे हा आक्षेप लागू पडतो. क्रियापदं मात्र पदकांपुरती नसतात. १३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री व्हर्जिनिया विद्यापीठात लॅव्हेल डेव्हिस, डेव्हिन चँडलर आणि डी'शॉन पेरी या तीन फुटबॉलपटूंना त्यांच्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने गोळ्या घालून मारलं. ते वर्गाबरोबर वॉशिंग्टनला नाटक पाहायला गेले होते आणि बसमधून परतत होते. संघाने मोसमातले उरलेले दोन्ही सामने खेळले नाहीत. त्या तिघांनी किती टचडाउन केले याच्याइतकंच ते नाटक पाहून येत होते हे लिहिण्याजोगं आहे. राखीव खेळाडूचंही असंच. तो पाण्याच्या बाटल्या घेऊन आधी कुणाकडे धावायचा, हे माहीत करून घेतलं तर विशेषणाची गरज पडत नाही.

तेव्हा डेस्कवरच्या मित्रांनो, पुढच्या वेळी अशी कॉपी हाताखाली आली तर तिच्यातला काळ आणि नियती आधी काढा, मग 'एकटी' काढा. जे उरेल ते काहीसं असं वाचलं जाईल: सेलिया बारकिन अरोसामेना त्या सकाळी गोल्फचा सराव करत होती. एका पुरुषाने तिला भोसकून मारलं. जून २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्याला पॅरोलविना जन्मठेप दिली. तिच्या गौरवाचा शनिवार आला तेव्हा स्टेडियम पिवळं झालं होतं, आणि आयोवा स्टेटने तो सामना २६-१३ असा जिंकला.