घुसळलेला धातू

बाईंना सगळं येतं असं तुम्हांला वाटतं ना? मग आज माझीच एक चूक तुम्हांला सांगते.

गेल्या वर्षी माझे वडील विहिरीच्या काठावर घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून हाडाला टायटॅनियमच्या मिश्रधातूची पट्टी बसवली. चौथीच्या वर्गात मी हे सांगत होते, तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "बाई, ती पट्टी न वितळवता आणखी बळकट करता येते का?" तास संपत आला होता. मी म्हणाले, "अरे, धातू सुधारायचा तर आधी वितळवावाच लागतो. बस खाली."

तो बसला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याचा हात वर गेलाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला. तो धातुशास्त्र शिकतो. सहज त्याला विचारलं, तर तो हसूच लागला. "मावशी, आपण रवीने ताक घुसळतो ना, तसा धातूही घुसळतात. आणि न वितळवता!"

मुलांनो, धातू आपल्याला गुळगुळीत दिसतो, पण तो बारीक बारीक कणांचा बनलेला असतो. खोटं वाटतं? जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली बघा. तिच्यावर फुलांसारखी नक्षी दिसते ना? ते जस्ताचे कणच! बहुतेक धातूंचे कण मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. कण जितके बारीक, तितका धातू सहसा जास्त बळकट.

१९९१ साली इंग्लंडमधल्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक युक्ती निघाली. खाली छोटी खुंटी असलेला दांडा गरगर फिरवायचा आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून हळूहळू पुढे न्यायचा. थंडीत तळहात चोळले की गरम होतात, तसाच घर्षणाने धातू तापतो. तो वितळत नाही, पण कणकेसारखा मऊ होतो, घुसळला जातो आणि पत्रे जोडले जातात. पुढे शास्त्रज्ञांनी याच युक्तीने, काहीही न जोडता, धातूचे कण बदलायला सुरुवात केली.

विमानांत आणि हाडांच्या उपचारांत वापरतात त्या टायटॅनियमच्या एका मिश्रधातूत ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. तो साच्यात ओतला की आत मोठमोठे कण आणि त्यांत लांबट पट्ट्या तयार होतात. खुंटी फिरली की त्या पट्ट्या मोडतात आणि त्यांच्या जागी नवे, इवलेसे गोलसर कण जन्मतात. काही कण तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे! अशा धातूला वारंवार ताण बसला तरी तडा लवकर जात नाही.

पण तापमान सांभाळावं लागतं. साधारण १००० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, तर थंड होताना पुन्हा पट्ट्याच तयार होतात. शिवाय तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून त्याच्याभोवती आर्गॉन वायू सोडतात. खुंटीसुद्धा साध्या पोलादाची चालत नाही. टंगस्टनसारख्या चिवट धातूची लागते. आणि खुंटी जितकी खोल जाते, तेवढाच थर बदलतो. वडिलांच्या पायातली पट्टी काही अशी घुसळलेली नव्हती, पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र "हो" असं होतं.

शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात उभी राहून सांगितलं, "त्या दिवशी मी चुकले. तुझा प्रश्न बरोबर होता." तो हळूच उठला. म्हणाला, "बाई, मला माहीत होतं. माझे बाबा लोहार आहेत. ते लोखंड लालभडक करून ठोकतात. वितळवत नाहीत."

मला काय बोलावं तेच सुचेना. उत्तर त्याच्या घरातच होतं, आणि मी त्याला खाली बसवलं होतं!

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे त्याच्या बाबांच्या भट्टीवर गेलो. विळा कसा घडतो ते त्या दिवशी त्यानेच आम्हांला समजावून सांगितलं. सगळ्यांत जास्त प्रश्न मी विचारले.

आता तुम्ही आधी घरातली बादली नीट बघा. आणि बाई किंवा गुरुजी चुकले असं वाटलं, तर खाली बसल्यावरसुद्धा पुन्हा हात वर करा. कराल ना?